रिकामा पाय, भरलेला पाय

कोकणातली पाखाडी चालणाऱ्याची परीक्षा घेण्यासाठीच बांधली असावी, असे पावसाळ्यात वाटते. जांभ्याचे चिरे एकावर एक टेकवलेले, एका पायरीची उंची दुसरीशी जुळत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मधोमध खळगा पडलेला, आणि मृग लागला की त्यावर शेवाळाचा हिरवा थर. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत ओतला जातो. या पाखाडीवरून दुकानाला, देवळात, एसटीच्या थांब्यावर जाणारे पाय आता बरेचसे म्हातारे आहेत. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती जवळपास पाच टक्क्यांनी कमी होती आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या ११२२. या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये. त्यामागे आहेत मुंबईला गेलेले चाकरमानी. गणपती आणि शिमगा सोडले तर कितीतरी घरांत सासू एकटी किंवा नवराबायको दोघेच असतात. अशा घरात न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर मुलगा रात्रीच्या गाडीने येतो, ऑपरेशन होते, आणि नंतर बहुधा घराला कुलूप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. तरीही पडणे हा आपण आजार मानत नाही. ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो.

पडणे टाळता येते का, या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत जे संशोधन झाले त्यात एक अनपेक्षित नाव वारंवार भेटते: ताई ची. चिनी बागांत पहाटे म्हातारी माणसे संथपणे हात फिरवताना दिसतात ती. आपल्याकडे तिची ओळख दोन टोकांनी झालेली आहे. एक टोक चित्रपटांचे, जिथे पांढऱ्या दाढीचा गुरू बोटाच्या धक्क्याने दहा जणांना उडवतो; दुसरे टोक आरोग्याच्या पुरवण्यांचे, जिथे ‘वैश्विक ऊर्जा’ या एका शब्दात सगळे उरकले जाते. दोन्हींत मुद्द्याचे हरवते. ताई चीचे तत्त्वज्ञान आभाळातले वाटत असले तरी ते राहते पायाच्या तळव्यात. शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे न्यावे, एवढ्याच गोष्टीचा तो अतिशय बारकाईने केलेला विचार आहे. आणि म्हणूनच, गूढतेचा एक कणही न मानता, पाखाडी उतरणाऱ्या माणसाला तिचा उपयोग आहे.

आधी तत्त्वज्ञान. यिन आणि यांग ही जोडी चीनमध्ये फार जुनी. सावली आणि ऊन, मऊ आणि कठीण, मिटणे आणि उमलणे. अकराव्या शतकातल्या झोऊ दुनयी या विचारवंताने एका छोट्या निबंधात असे मांडले की परम तत्त्वाच्या हालचालीतून यांग होते, हालचाल टोकाला गेली की स्तब्धता येते, स्तब्धतेतून यिन होते, आणि ती टोकाला गेली की पुन्हा हालचाल. त्या परम तत्त्वाचे नाव ताईजी. तेच या व्यायामाला मिळाले. हे वाचून आपल्याला प्रकृती-पुरुष आठवतील, पण तो मोह आवरलेला बरा, कारण इथली गोष्ट बरीच साधी आहे. यिन आणि यांग एकमेकांचे शत्रू नाहीत, एक पूर्ण भरला की त्यातूनच दुसरा सुरू होतो, आणि दोन्ही एकाच वेळी अर्धे-अर्धे असले की काहीच हलत नाही. आता हेच वाक्य दोन पायांना लावून पाहा. ताई चीचे शिक्षक अगदी पहिल्या दिवसापासून एक पाय ‘भरलेला’ आणि एक पाय ‘रिकामा’ असे बोलतात. ज्यावर वजन आहे तो भरलेला, ज्यावर नाही तो रिकामा. दोन्ही पायांवर सारखे वजन घेऊन हालचाल करणे हा या विद्येत मोठा दोष समजला जातो, कारण तसा माणूस कुठल्याच बाजूला चटकन सरकू शकत नाही.

एक पाऊल जवळून बघू. उजवा गुडघा किंचित वाकलेला आहे, सगळे वजन उजव्या पायावर आहे, कंबर सैल सोडून खाली बसवली आहे, पाठ ताठ पण आवळलेली नाही. डावा पाय जमिनीवरून उचलला जातो, तो फार वर नाही, आणि पुढे जाऊन टाच टेकते. टेकते म्हणजे नुसती शिवते. त्या क्षणी जमीन नको वाटली तर पाय तसाच परत उचलता आला पाहिजे. ही खरी कसोटी. मग तळवा हळूहळू पसरतो, गुडघा पुढे सरकतो, वजन पाण्याची घागर ओतावी तसे उजवीकडून डावीकडे जाते, आणि बहुतेक वजन पुढे पोहोचले की मागचा पाय आपोआप रिकामा होतो. तेव्हा कुठे तो उचलायचा. या सगळ्यात डोके एकाच उंचीवर राहते, खालीवर होत नाही. वर हात फिरत असतात, त्यांना ‘ढगांसारखे हात’, ‘पांढरा बगळा पंख पसरतो’, ‘रानघोड्याची आयाळ विंचरणे’ अशी देखणी नावे आहेत, आणि बघणाऱ्याचे लक्ष त्या हातांकडेच जाते. पण काम चाललेले असते खाली.

हे इतके हळू कशासाठी? कारण आपले नेहमीचे चालणे ही एक प्रकारची लपवाछपवी असते. चालताना शरीर सारखे पुढे पडत असते आणि दुसरा पाय त्याला वेळेवर झेलत असतो. वेग असल्यामुळे एका पायावर खरोखर उभे राहण्याची वेळ कधी येतच नाही. तारुण्यात हे झेलणे इतके अचूक असते की कळतही नाही. वय वाढते तसे मांडीचे स्नायू ओसरतात आणि तोल सांभाळणाऱ्या तिन्ही खबरी मंदावतात. डोळ्यांवर मोतीबिंदू येतो, आतल्या कानाची जाण कमी होते, आणि तळव्यातून, घोट्यातून येणारी ‘पाय कुठे आणि कसा टेकला आहे’ ही बातमी उशिरा पोहोचते. जुना मधुमेह असेल तर ती पोहोचतही नाही. झेलणारा पाय क्षणभर उशीर करतो, तेवढा क्षण शेवाळाला पुरतो. गती काढून घेतली की हे सगळे उघडे पडते. एक पाऊल चार-पाच सेकंदांत टाकायचे म्हटले की त्यातला बराच वेळ माणूस खरोखर एका पायावर असतो, वाकलेल्या गुडघ्यावर मांडीचा स्नायू वजन पेलत असतो आणि मेंदूला तळव्याकडे लक्ष देण्यावाचून गत्यंतर नसते. गुडघा वाकलेला का, याचे उत्तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात हलत्या होडीवर उभ्या असलेल्या कुठल्याही खलाशाकडे आहे. तो कधी गुडघे ताठ करून उभा राहत नाही. ताठ गुडघा लाटेचा हेलकावा थेट डोक्यापर्यंत नेतो, सैल गुडघा तो मध्येच जिरवतो.

ही विद्या कुठून आली याची एक लोकप्रिय कथा आहे. वुडांग पर्वतावर राहणाऱ्या झांग सानफेंग नावाच्या ताओ साधूने पक्षी आणि साप यांची झुंज पाहिली, साप मऊपणाने वार चुकवतो हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यातून ताई ची जन्मली. छान कथा आहे. पण १९३०च्या आसपास तांग हाओ या चिनी इतिहासकाराने हेनान प्रांतातल्या वेन तालुक्यातल्या चेन घराण्याच्या गावी जाऊन कागदपत्रे तपासली तेव्हा साधू कुठे सापडला नाही. त्याच्या मते या विद्येचा पाया सतराव्या शतकात चेन वांगतिंग या निवृत्त योद्ध्याने घातला, आणि त्यातल्या अनेक पवित्र्यांची नावे छी जिग्वांग या सेनापतीच्या सोळाव्या शतकातल्या लष्करी ग्रंथातून आलेली आहेत. हा छी जिग्वांग चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढलेला. सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजलेल्या किनारपट्टीला यात फार नवल वाटू नये. पुढे एकोणिसाव्या शतकात यांग लुचान (१७९९–१८७२) हा बाहेरचा माणूस चेनांच्या गावात ती शिकला आणि बीजिंगमध्ये मांचू सरदारांना शिकवू लागला. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने उड्या, पाय आपटणे, अचानक झटके काढून टाकून सगळी हालचाल एकसारखी संथ केली. म्हणजे आज आपण ज्या संथपणाला ‘प्राचीन’ म्हणतो तो बऱ्याच अंशी शांघायमधल्या नोकरदार आणि व्यापारी विद्यार्थ्यांना जमावा म्हणून केलेला बदल आहे. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा समितीने त्यातूनही निवड करून चोवीस हालचालींचा छोटा क्रम ठरवला, जो पाचसहा मिनिटांत संपतो. जगभर बागांत दिसते ते बहुधा हेच.  

हा इतिहास मुद्दाम सांगितला, कारण मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. सूर्याला नमस्कार घालणे आपल्याकडे जुने आहे, पण ठरावीक अवस्थांचा, श्वासासह, शाळेत सामुदायिक रीतीने घालायचा सूर्यनमस्कार ज्या रूपात पसरला त्यात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचा मोठा हात आहे. भवानरावांनी आधी युजेन सँडो या युरोपातल्या पहिलवानाची पद्धत वापरली होती. मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीवर इंग्रजी पुस्तक निघाले ते दहा अवस्थांच्या नावाने. चीनमध्ये ‘आशियाचा आजारी माणूस’ या टोमण्याने जी चीड निर्माण झाली, तशीच चीड इथे पारतंत्र्याने निर्माण केली होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे, शांघायची चिंगवू व्यायाम संस्था १९१०ची. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने मल्लखांब आणि हुतूतू दाखवले, आणि त्याच वर्षी त्याच शहरात चिनी पथकाने आपल्या युद्धकलांची प्रात्यक्षिके केली. दोन्ही देशांनी आपापल्या जुन्या शिदोरीतून नव्या गरजेसाठी व्यायाम घडवले. तेव्हा ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे प्रमाणपत्र दोघांनाही लागत नाही. ज्या कलेने योद्ध्यासाठी एक रूप घेतले, सरदारासाठी दुसरे, कारकुनासाठी तिसरे, तिने रत्नागिरीतल्या पाऊणशे वर्षांच्या आजींसाठी चौथे घेतले तर कोणाचा धर्म बुडत नाही. विचारायचे एवढेच की तिचा गुण येतो का.

तो येतो का हे पाहायला मोजमाप लागते, आणि मोजमाप झालेले आहे. अमेरिकेत अटलांटा इथे स्टीव्हन वुल्फ आणि सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या २०० जणांना तीन गटांत विभागले: ताई ची, संगणकाच्या हलत्या फळीवर तोलाचे शिक्षण, आणि नुसती चर्चा. १९९६ मध्ये त्यांनी जाहीर केले की ताई चीच्या गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. यातली गंमत पुढे आहे. फळीवर शिकलेल्यांचा फळीवरचा तोल चांगलाच सुधारला, पण पडणे घटले नाही. ताई ची करणाऱ्यांचा फळीवरचा तोल फारसा सुधारला नाही, पण पडणे आणि पडण्याची भीती दोन्ही घटली. म्हणजे स्थिर उभे राहणे ही एक गोष्ट आणि तोल जाऊ लागला असता पाय योग्य जागी नेणे ही दुसरी. ओरेगनमध्ये फुझाँग ली यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा होता: पडण्याचा धोका जास्त असलेले, सत्तरीपुढचे ६७० जण, आठवड्यातून दोन तास, २४ आठवडे. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ताई चीच्या गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होते, आणि ताकद, तोल, चालणे असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेतही ३१ टक्क्यांनी. याच लींनी कंपवाताच्या १९५ रुग्णांवर केलेला असाच प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध केला होता. तिथे ताण देण्याच्या व्यायामापेक्षा ताई ची सरस ठरली, पण वजनांच्या व्यायामापेक्षा पडणे घटवण्यात ती स्पष्टपणे सरस ठरली नाही.

ही वकिली एकतर्फी होऊ नये म्हणून उलट बाजूही मांडायला हवी. वुल्फ यांनीच अधिक अशक्त अशा ३११ जणांवर केलेला ४८ आठवड्यांचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पडणे कमी दिसले खरे, पण इतके नाही की ते योगायोग नव्हे असे ठामपणे म्हणता यावे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेदरलँड्समध्ये घरी राहणाऱ्या २६९ वृद्धांना १३ आठवडे ताई ची शिकवूनही काही फरक पडला नाही. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळे प्रयोग एकत्र तोलले, १०८ प्रयोग, २३ हजारांवर माणसे. त्यात कुठल्याही सुयोग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाने २४ टक्क्यांनी, आणि ताई चीने कदाचित १९ टक्क्यांनी, असा निष्कर्ष निघाला. ताई चीच्या आकड्यावरचा भरवसा त्यांनी कमी धरला. हे प्रामाणिकपणे वाचले तर निघते ते असे: ताई ची चमत्कार नाही, ती तोलाच्या चांगल्या व्यायामांपैकी एक आहे, आणि डच प्रयोगासारखे तीन महिन्यांत उरकले, किंवा शरीर आधीच फार खचलेले असले, तर हाती थोडेच लागते. उशीर आणि कंटाळा हे तिचे दोन वैरी.

इथे पहिला आक्षेप येतो तो ‘ची’चा. ‘ची’ म्हणवली जाणारी, शरीरात वाहणारी अदृश्य ऊर्जा कोणत्याही यंत्रावर दिसलेली नाही. मग तिच्या नावावर शिकवलेल्या गोष्टीवर शहाण्या माणसाने विश्वास का ठेवावा? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. शिक्षक जेव्हा म्हणतो की ‘ची बेंबीखाली उतरू द्या’, तेव्हा शिकणारा खांदे सोडतो, पोटातून श्वास घेतो, कंबर खाली बसवतो, आणि त्याचा गुरुत्वमध्य खरोखर खाली येतो. सूचना म्हणून हे वाक्य उत्तम आहे, शरीरशास्त्र म्हणून नाही. आपल्या तालमीतही वस्ताद ‘जमिनीत रुतून उभा राहा’ म्हणतो, कोणी खड्डा खणत नाही. पण जिथे हे वाक्य सूचना न राहता दावा बनते, तिथे थांबवलेच पाहिजे. ताई चीने मधुमेह नाहीसा होतो, गाठी विरघळतात, स्पर्शही न करता माणूस उडवता येतो, या सगळ्या भाकडकथा आहेत. २०१७ मध्ये छेंगदू शहरात शू शियाओतोंग या आधुनिक झुंजपटूने वेई लेई या ‘मेघगर्जना शैली’च्या ताई ची गुरूला काही सेकंदांतच जमिनीवर लोळवले, तेव्हा चीनमध्ये गदारोळ झाला, खरे तर त्याने सर्वांवर उपकारच केले. अशी छाननी आपल्याला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढले ते आसने आणि प्राणायामाने शरीरात नेमके काय होते हे क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या यंत्राने पाहण्यासाठी. ज्या महाराष्ट्राने योगाला प्रयोगशाळेत नेले, त्याने चिनी विद्येला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. श्रद्धेने आत घेऊ नये आणि परकी म्हणून दारातही अडवू नये.

दुसरा आक्षेप त्यालाच लागून: आपल्या घरचा योग असताना चिन्यांचे कशाला? त्यात सीमेवरच्या तणावाची कडवट चवही मिसळलेली असते, ते समजण्यासारखे आहे. पण प्रश्न शरीराच्या बाजूने विचारून पाहा. सूर्यनमस्कार हा तरुण शरीरासाठी फार चांगला व्यायाम आहे. तो घालताना जमिनीवर जावे लागते, मनगटांवर वजन घ्यावे लागते, डोके खाली न्यावे लागते आणि पुन्हा उठावे लागते. ज्यांचे गुडघे झिजले आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, खाली बसले की उठायला खाटेचा पाय धरावा लागतो, त्यांना तो जमत नाही. वृक्षासनात एका पायावर उभे राहता येते, पण तिथे शरीर स्थिर असते. माणूस पडतो तो वळताना, पायरी बदलताना, हातात कळशी घेऊन मागे बघताना. ताई ची बरोबर त्या जागी काम करते, कारण तिच्यात वळणे आहे, बाजूला सरकणे आहे, नजर एकीकडे आणि पाय दुसरीकडे असणे आहे. कोणी योगशिक्षकाने हीच तत्त्वे घेऊन मराठी नावाने क्रम बसवला आणि पाटीवर ‘तोलाचा वर्ग’ असे लिहिले, तरी तो तितकाच चालेल. कॉक्रेनचा आकडा तेच सांगतो. नावाचा मान कोणाला जावा हा वाद ज्यांना रिकामा वेळ आहे त्यांनी घालावा.

तिसरा आक्षेप कोकणातला खास. ‘आम्ही दिवसभर घाटी चढतो-उतरतो, आम्हाला व्यायाम कसला शिकवता?’ या बोलण्यात तथ्य आहे, आणि साठीपर्यंत ते खरेच असते. अडचण अशी की कष्ट शरीराला ठरलेल्याच वळणाने राबवतात. लावणीला कंबर वाकते, डोक्यावर भारा असतो, पाय नेहमीच्या सवयीने पडतात. डाव्या पायावर सावकाश वजन घेऊन उजवीकडे वळण्याचा सराव शेतात होत नाही. शिवाय कष्ट नेमक्या चुकीच्या वेळी सुटतात. गुडघा दुखू लागला की शेत दुसऱ्याकडे जाते, एकदा पाय घसरला की ‘आता पाखाडीनं नको, रस्त्यानं रिक्षा करू’ असे ठरते, मग देवळात जाणे सुटते, मग शेजारी जाणे. भीतीने हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून पाय कच्चे, पाय कच्चे म्हणून भीती आणखी. हा फेरा तोडायला असा काही व्यायाम हवा जो दुखऱ्या गुडघ्यालाही पेलेल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांना १२ आठवडे ताई ची किंवा नेहमीची फिजिओथेरपी दिली, तेव्हा दोन्हींनी दुखणे सारखेच कमी झाले. फिजिओथेरपिस्टकडे जायला तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात, हा फरक त्या प्रयोगात मोजलेला नव्हता; इथे तो मोठा आहे.

एक आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. अटलांटाच्या आणि ओरेगनच्या सपाट फरशीवर जे सिद्ध झाले ते ओल्या जांभ्यावर जसेच्या तसे उतरेल असे कोणी सांगू शकत नाही, आणि कितीही ताई ची केली तरी शेवाळ वाळत नाही. पाखाडीला एका बाजूने कठडा किंवा निदान धरायला लोखंडी पाइप, न्हाणीत खडबडीत फरशी, पडवीत रात्रभर जळणारा एक दिवा, पिकलेल्या मोतीबिंदूचे ऑपरेशन, झिजलेल्या चपला फेकून मागे पट्टा असलेल्या घेणे, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना एकदा विचारणे, ही कामे व्यायामाच्या आधीची आहेत. ग्रामपंचायत पाखाडीवर चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ घासून घेते का, हा प्रश्न यिन-यांगपेक्षा तातडीचा आहे. व्यायाम त्यांना पर्याय नाही. जिथे यातले काही करून झालेले आहे किंवा करता येत नाही, तिथे उरलेला भाग पायांनी सांभाळायचा असतो.

मग हे गावात करायचे कसे? चोवीस हालचालींचा पूर्ण क्रम पाठ करण्याचा हट्ट नको. ली यांच्या प्रयोगातही मूळ क्रमातल्या आठच हालचाली घेऊन त्या तोलाच्या दृष्टीने बदलून शिकवल्या होत्या. सुरुवात खुर्चीच्या पाठीला हात टेकवून उभे राहण्यापासून व्हावी: वजन डावीकडे, मग उजवीकडे, रिकाम्या पायाची टाच उचलून. ते जमले की खुर्ची सोडून बाजूला पावले टाकत ‘ढगांसारखे हात’, मग पुढे टाच टेकवून चालणे, आणि सगळ्यात शेवटी, ज्यांना पेलेल त्यांनाच, ‘सोनेरी कोंबडा’ म्हणजे एका पायावर उभे राहणे. गुडघा पावलाच्या पुढे जाता कामा नये आणि बोटांच्या रोखातच वाकला पाहिजे, एवढा एक नियम शिकवणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाळावा. गुडघे बिघडतात ते इथेच. चक्कर येणाऱ्यांनी, नुकतेच हाड मोडलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये. जागा म्हणून देवळाचा सभामंडप सर्वांत सोयीचा, कारण तो सपाट, कोरडा आणि वरून झाकलेला असतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तिथे जायला निमित्त शोधावे लागत नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत सकाळी हे सुरेख दिसेल, पण मऊ वाळूत सुरुवात करणे म्हणजे पोहायला शिकताना थेट खाडीत उडी. वेळेचा हिशेब मात्र नीट करावा. प्रयोगात गुण दिसला तो आठवड्यातून दोनदा असे २४ आठवडे केल्यावर. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. तिथून २४ आठवडे मागे गेले की २१ डिसेंबर येतो: भात झोडून झालेले असते, आंब्याला मोहोर येऊ लागलेला असतो, आणि पाखाडी अजून साडेपाच महिने कोरडी असते.